पांढरीपांडे: प्रतिसाद नाही

शरच्चंद्र पांढरीपांडे यांनी मनीषनगरातल्या आपल्या ‘सुखनिवास’ इमारतीत मोठमोठ्या बँका आणि विमानतळ वापरतात तसलं नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर बसवलं, त्याला कारण एकच होतं. त्यांना मुलाचा फोन यायला हवा होता. तुम्ही म्हणाल, मुलाचा फोन हवा असेल तर माणसानं सरळ मुलाला फोन करावा. असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही पांढरीपांडे नाही.

पांढरीपांडे घराण्यात कुठलीही गोष्ट एकदाच विचारतात. शरच्चंद्रांच्या एका काकांनी बसच्या कंडक्टरला ‘ही गाडी कन्हानला थांबते का’ म्हणून विचारलं होतं. कंडक्टर मागच्या सीटवरचं भांडण सोडवत होता, त्याला ऐकू गेलं नाही. काका रामटेकला उतरले, परतीच्या गाडीत बसले, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. अशा बाण्याच्या माणसानं श्रावणातल्या एका रविवारी मुलाला फोनवर विचारलं, ‘महालक्ष्म्यांना येशील ना?’ गौरांग म्हणाला, ‘बघतो बाबा. नवी आवृत्ती निघून राहिली आहे, फार गडबड आहे.’ विषय संपला. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षीही गौरांगनं ‘बघतो’च म्हटलं होतं, आणि दोन्ही वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला वाढलेलं त्याचं पान संध्याकाळी गाईपुढे गेलं होतं.

आपल्याकडे माणूस एखाद्या दिवाळीला आला नाही तर लोक समजून घेतात. महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, आला नाही तर तब्येत विचारतात. शेजारच्यांनी दोन वर्षं गौरांगची तब्येत विचारली आणि शरच्चंद्रांनी दोन वर्षं ती उत्तम आहे असं सांगितलं. यंदा तिसरं वर्ष होतं, आणि उत्तम तब्येतीचा पोरगा घरी का येत नाही, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

गौरांग बंगलोरला ज्या कंपनीत होता ती हे सॉफ्टवेअर बनवते. त्याचं नाव मी सांगत नाही, उगाच पोराच्या नोकरीवर यायचं. काम एवढंच, की एका जागी बसून सबंध ऑफिसातल्या यंत्रांवर नजर ठेवायची: कोणतं चालू आहे, कोणतं बंद पडलं, कोणतं रुसलं आहे. शरच्चंद्रांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोळसा खाणीच्या दळणवळण विभागात त्यांनी उभी हयात हेच केलं होतं, फक्त सॉफ्टवेअरच्या जागी ते स्वतः होते. मुलानं आपलीच नोकरी यंत्रात घातली याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी मुलाला एकदाच सांगितला होता.

तर एक दिवस कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांना जाहिरात दिसली, की नव्या आवृत्तीतल्या नव्या सोयी समजावून सांगायचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, आणि सांगणारा गौरांग पांढरीपांडे. शेजारी त्याचा सुपारीएवढा गोल फोटो. रविवारच्या फोनवर पोरगा दोन मिनिटं बोलायचा, त्यातलं एक मिनिट ‘आवाज येतोय का’मध्ये जायचं. इथे तो चांगला पाऊण तास बोलणार होता. शरच्चंद्रांनी ताबडतोब नाव नोंदवायला घेतलं. पण कार्यक्रम फक्त संस्थांसाठी होता. ‘सुखनिवास सहकारी गृहनिर्माण संस्था’ ही कायद्यानं संस्थाच आहे, तेव्हा ते जमलं. यंत्रं किती, याचं उत्तर त्यांनी सगळ्या घरांतले फोन, टीव्ही, गेटवरचे कॅमेरे आणि लोकांची पुढे होणारी नातवंडं धरून दिलं. संपर्कासाठी मात्र त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी प्रेमानंद सर यांचं नाव घातलं आणि फोन नंबर स्वतःचा. बाप पाळत ठेवतो असं पोराला वाटायला नको.

कार्यक्रम टीव्हीवर लावला. गौरांग इंग्रजीतून तीन नव्या सोयी सांगत होता. पहिली, सगळ्या यंत्रांचा नकाशा, कोण कुठे आहे आणि कोणाला जोडलेलं आहे तो. दुसरी, काही बंद पडलं की सगळ्या संबंधितांना त्यांच्या भाषेत निरोप. तिसरी, कोणी अनोळखी यंत्र आत शिरायला लागलं की त्याला दारातच अडवायचं आणि मालकाला विचारायचं. ही तिसरी सोय मी स्वतः केली आहे, असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज जरासा बदलला. पुष्पलताबाई कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि एक शब्द न कळता शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘दाढी काहून वाढवून राहिला हा?’

प्रश्न विचारायची सोय होती. शरच्चंद्रांनी ‘जेवण वेळेवर होतं का’ असं लिहिलं, खोडलं आणि वीज गेल्यास सॉफ्टवेअर काय करतं असं विचारलं. गौरांग म्हणाला, नागपूरहून फार चांगला प्रश्न आला आहे. आणि ‘नागपूर’ म्हणताना तो क्षणभर हसला. त्या हसण्यावर दोघा नवरा-बायकोंनी ती संध्याकाळ काढली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सोनिका नावाच्या मुलीचा फोन आला. एवढी मोठी संस्था नागपुरात आहे हे तिला माहीतच नव्हतं. सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघा, म्हणाली, सेवा मात्र पुरी मिळेल. खरोखरीचा गंभीर बिघाड झाला तर ज्यांनी हे बनवलं त्यांच्यापैकीच एक इंजिनिअर स्वतः फोन करतो. ग्राहक आपल्या तोंडानं ‘समस्या सुटली’ म्हणेपर्यंत तक्रार बंद होत नाही. आणि फोनवर नाहीच सुटली, तर इंजिनिअर प्रत्यक्ष येतो. प्रत्यक्ष येतो ना, असं पुन्हा एकदा विचारून घ्यायचा शरच्चंद्रांना अनावर मोह झाला, पण काकांची आठवण ठेवून त्यांनी तो आवरला. भाषा कोणती सोयीची, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, मराठी.

आता सोसायटीची परवानगी. प्रेमानंद सर हे निवृत्त मुख्याध्यापक. ते इमारतीत पालसुद्धा ठरावाशिवाय मारू देत नाहीत. त्यांनी अर्ज मागितला. अर्जात ‘फुकट’ शब्द बघून त्यांना संशय आला, म्हणून सभा बोलावली. सभेत एकानं विचारलं, यानं लिफ्ट सुरळीत होईल का. दुसऱ्यानं विचारलं, कबुतरं जातील का. तळमजल्यावरचे रुपराव गावंडे, ज्यांची कळमेश्वरकडे शेती आहे आणि ज्यांचं प्रत्येक विषयावर मत आहे, त्यांनी आपल्या वावरातल्या मोटारीला असंच मशीन लावलं होतं ते माकडानं कसं नेलं याची हकिगत सांगितली. तिचा उपयोग झाला. हकिगत संपावी म्हणून लोकांनी ठराव मंजूर केला.

शरच्चंद्रांनी जुन्या शिस्तीनं काम केलं. सॉफ्टवेअरनं इमारतीतली सगळी यंत्रं शोधून पुढे मांडली आणि म्हणालं, ओळखीची असतील त्यांना नाव द्या. त्यांनी दारोदार जाऊन चौकशी केली आणि ज्याचं यंत्र त्याचं आडनाव दिलं. हे गावंडे, हे पांढरीपांडे, हे अमुक, हे तमुक. ज्यांचा मालक सापडला नाही ती तशीच ‘अनोळखी’ ठेवली. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे पाण्याचा प्रश्न येतो.

पहिल्याच दिवशी नकाशानं घात केला. त्यात स्वच्छ दिसत होतं, की प्रेमानंद सरांचा टीव्ही गावंड्यांच्या वाय-फायवर चालतो. ही गोष्ट रुपरावांना मुळीच माहीत नव्हती. गावंड्यांचा पासवर्ड त्यांच्या म्हशीचं नाव होता, आणि ती म्हैस रुपरावांनी सगळ्या इमारतीला कौतुकानं सांगितली होती. सर म्हणाले, टीव्ही आपोआप जोडला गेला असावा. रुपराव म्हणाले, आपोआप त आमच्या म्हशीनं बी कधी दूध नाई देल्लं. दोघांनी बोलणं सोडलं आणि दोघांनी आपापला राग शरच्चंद्रांवर काढला. भांडण त्यांचं खरं, पण ते दाखवलं कोणी?

पण खरं सांगायचं तर त्या नकाशावर शरच्चंद्रांचं वेगळंच काही चाललेलं असायचं. प्रत्येक घराच्या वाय-फायचा एक डबा, आणि त्या डब्याभोवती त्या घरातले फोन हिरव्या ठिपक्यांनी जमलेले. रविवारी संध्याकाळी गावंड्यांचा मुलगा अश्विन आणि सून हर्षा पोरांना घेऊन यायचे, की गावंड्यांभोवती हिरवा गर्दा व्हायचा. पांढरीपांडे या नावाभोवती दोनच ठिपके. दिवाणखान्यात एक, स्वयंपाकघरात एक. ते बराच वेळ बघत बसायचे. मग पुष्पलताबाई येऊन शेजारी बसायच्या, तेव्हा दोन ठिपके जरा जवळ सरकायचे.

मग ती गंभीर प्रकृतीची भानगड झाली. एका सकाळी वीज लपकन गेली आणि आली. शरच्चंद्रांचा डबा परत सुरू व्हायला वेळ लागला. तेवढ्यात दुसऱ्या नव्या सोयीनं आपलं कर्तव्य बजावलं आणि इमारतीच्या ग्रुपवर शुद्ध मराठीत निरोप गेला: ‘पांढरीपांडे: स्थिती गंभीर. प्रतिसाद नाही.’

शरच्चंद्र तेव्हा फोन घरी ठेवून कोथिंबीर आणायला गेले होते. निरोप वाचून प्रेमानंद सर चप्पल एका पायात घालून निघाले ते थेट ऑटोनं धंतोलीला. गंभीर माणसाला नागपुरात दुसरीकडे कुठे नेणार? त्यांनी तिथली हॉस्पिटलं एकामागून एक पालथी घातली. एका ठिकाणी त्यांची धाप बघून त्यांनाच खाटेवर झोपवायला निघाले होते. इकडे रुपरावांच्या घरून रुखमाबाई चहाचा थर्मास घेऊन पुष्पलताबाईंकडे गेल्या आणि काही न बोलता त्यांचा हात धरून बसल्या. पुष्पलताबाईंना वाटलं, रुखमाबाईंच्याच घरी काही वाईट झालं आहे. त्यांनीही हात घट्ट धरला. दोघी एकमेकींसाठी रडत असताना शरच्चंद्र जुडी घेऊन दारात उभे राहिले. ‘अवं माय,’ रुखमाबाई म्हणाल्या, ‘हे त चालून राह्यले.’ हे त्यांनी अशा सुरात म्हटलं, की शरच्चंद्रांना आपण चालतो आहोत याची थोडी लाज वाटली.

त्यांनी कंपनीकडे तक्रार केली. तिकडे तक्रारीला तिकीट म्हणतात. ‘तिकीट काढलं,’ असं त्यांनी पुष्पलताबाईंना सांगितलं तेव्हा त्या पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘गौरांगचं? कधीचं?’ शरच्चंद्रांनी समजावलं. पोळी करपली होती, ती त्यांनी स्वतःच्या पानात घेतली.

तक्रारीला उत्तर आलं सोनिकाचं, अतिशय गोड. निरोपात आडनावं घालू नयेत. सॉफ्टवेअर बरोबर चाललं असल्यानं ही तक्रार गंभीर धरता येत नाही. इंजिनिअरनं फोन करायला काहीतरी खरोखर बंद पडायला हवं.

काहीतरी बंद पडलं असं खोटं सांगता आलं असतं. पण या माणसानं उभ्या नोकरीत खोटा फॉल्ट कधी नोंदवला नव्हता, साहेबाच्या मेहुण्यासाठीसुद्धा नाही. तेव्हा खऱ्या फॉल्टची वाट पाहणं आलं. ज्या माणसानं जन्मभर रोज सकाळी देवापुढे ‘आज काही बंद पडू देऊ नको’ म्हणून हात जोडले, तो आता त्याच देवापुढे उलटं मागणं घेऊन उभा राहिला. देवाला सवय नव्हती. सगळं अगदी सुरळीत चालायला लागलं. नेट चालायचं, कॅमेरे चालायचे, लिफ्टसुद्धा चालू लागली, आणि लोक पांढरीपांडे साहेबांचं कौतुक करू लागले. रोज कौतुक ऐकून त्यांचा चेहरा उतरत गेला. महालक्ष्म्या जवळ आल्या.

राहिली तिसरी सोय, अनोळखी यंत्रांना अडवायची. ती सुरू करा म्हणून सॉफ्टवेअर रोज सुचवत होतं, शरच्चंद्र टाळत होते. महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी त्यांनी ती सुरू केली. त्यामागे कावा नव्हता, शपथेवर सांगतो. पोरानं स्वतःच्या हातानं केलेली गोष्ट घरात आहे आणि आपण ती सणालाही वापरत नाही, हे त्यांना बरं वाटेना. आईनं पाठवलेला स्वेटर पोरं घालतात, तसं हे उलट बाजूनं.

दुसरा दिवस जेवणाचा. इमारतीत निम्म्या घरी महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, भजी, आणि माणसं. कामठीचे मामा, उमरेडची आत्या, सगळ्यांचे जावई. जो तो येऊन बसला, की पहिलं म्हणतो, वाय-फायचा पासवर्ड सांगा. तासाभरात एवढी अनोळखी यंत्रं एकदम शिरायला लागलेली बघून सॉफ्टवेअरनं ओळखलं, की इमारतीवर हल्ला झाला आहे. त्यानं दारं लावून घेतली. ज्यांना आडनाव होतं ते आत राहिले. ज्यांना नव्हतं त्या सगळ्यांना बाहेर काढलं.

आणि पंपाला आडनाव नव्हतं. चौकीदार विसरतो म्हणून सोसायटीनं गेल्या वर्षी टाकीच्या पंपाला फोनवरून चालणारा डबा बसवला होता. शरच्चंद्र दारोदार मालक विचारत फिरले तेव्हा हा डबा कोणीच आपला म्हटला नाही. जुना स्विच प्रेमानंद सरांनी ठरावानुसार काढून टाकला होता. इलेक्ट्रिशियन स्वतःच्या घरच्या महालक्ष्म्यांसाठी गावी. टाकी रिकामी झाली तेव्हा प्रेमानंद सरांकडे पहिली पंगत पुरणाच्या हातांनी उठून नळाशी उभी होती. सरांचे व्याही हात पुढे धरून जिना उतरून आले, कोणाला स्पर्श होऊ नये म्हणून बेतानं. रुपराव अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘पोट्टं बंगलोरले बसून राह्यलं अन् पाणी मनीषनगरचं बंद. असा इंजिनिअर नाई पाह्यला गा बावा.’

पाणी गेलं हे ऐकून आनंद झालेला मनीषनगरातला पहिला माणूस म्हणजे शरच्चंद्र. तो आनंद त्यांनी सोवळ्याच्या उपरण्यात तोंड पुसून लपवला. खालून प्रेमानंद सर त्यांच्या नावानं ठराव मांडत होते, आणि वर हे तक्रार नोंदवत होते. गंभीर. अगदी खरी गंभीर. सोनिकाचा लगेच फोन आला. इंजिनिअर आता बोलतील, म्हणाली, मी जोडून देते, त्यांच्यापुढे फक्त संपर्काचं नाव आणि बिघाड येतो. आज मराठी येणारे एकच जण ड्यूटीवर आहेत सर, बाकीचे सगळे सणाला घरी गेलेत.

हे ऐकल्यावर शरच्चंद्रांचा आनंद कुठल्या कुठे गेला. सण सगळ्यांना होता. सुट्टी सगळ्यांना मिळाली होती. यानंच मागितली नव्हती.

फोन वाजला. ‘नमस्कार, प्रेमानंद सर का? मी गौरांग बोलतोय. हा कॉल रेकॉर्ड होतो आहे.’

‘प्रेमानंद खाली आहेत,’ शरच्चंद्र म्हणाले. ‘पाणी बंद पडलं आहे.’

पलीकडून हलक्या आवाजात, ‘बाबा?’

पण पाणी बंद होतं आणि व्याह्यांचे हात वाळत होते, त्यामुळे दोघांनी आधी काम केलं. गौरांग सांगत गेला, शरच्चंद्र करत गेले. अनोळखी यंत्रांची यादी उघडा, त्यात पंपाचा डबा शोधा, त्याला नाव द्या, आत घ्या. बाप-लेक इतका वेळ एकमेकांशी कित्येक दिवसांत बोलले नव्हते. गौरांगच्या सांगण्यात कुठे घाई नव्हती. तो समजावून सांगायचा आणि थांबायचा, अगदी शरच्चंद्र खाणीतल्या पोरांना सांगायचे तसा. त्यांना वाटलं, हा पंप जरा उशिरानं सुरू व्हावा. तो लगेच सुरू झाला. खाली टाळ्या पडल्या.

‘समस्या सुटली का, सर?’ गौरांगनं नियमाप्रमाणे विचारलं.

शरच्चंद्रांनी मोरीतल्या नळाकडे बघितलं. नळ भरभरून वाहत होता. नाही म्हटलं की झालं, पोरगा उद्या दारात. पण वाहत्या नळासमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं? ‘सुटली,’ ते म्हणाले.

मागे पुष्पलताबाई कढीचा डाव हातात घेऊन कधीच्या उभ्या होत्या. इतके दिवस या सगळ्या उपद्व्यापावर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

‘नाही सुटली,’ त्या म्हणाल्या. ‘लिहून घ्या. तिसरं वर्ष आहे गौरांग, तुझं पान वाढून मी गाईला देऊन राहिली. आजही वाढलं आहे. हे नाही सुटलं. रेकॉर्ड होते ना? होऊ दे. तुमच्या मोठ्या साहेबांनाही ऐकू दे.’

‘आई, बाबांनी हे सगळं…’

‘त्यांनाच विचार. ते एकदाच सांगतील, नीट ऐक.’ आणि फोन परत नवऱ्याच्या हातात आला.

‘घरी ये,’ ते म्हणाले.

पलीकडून काहीच आलं नाही. कदाचित ऐकू गेलं नसेल. कदाचित गेलं असेल. शरच्चंद्र फोन कानाला लावून उभे राहिले, आणि त्यांना रामटेकच्या स्टँडवर एकट्यानं उभे असलेले काका दिसले, ताठ मानेनं, चुकीच्या गावात.

‘गौरांग,’ ते म्हणाले, ‘घरी ये रे.’

बंगलोरला कोणीतरी नाक ओढलं. मग रेकॉर्ड होणाऱ्या कॉलला शोभेल अशा आवाजात गौरांग म्हणाला, की फोनवर समस्या सुटली नाही तर नियमाप्रमाणे इंजिनिअर प्रत्यक्ष येतो. उद्या सकाळचं विमान मिळतं का ते बघतो. मग थांबून म्हणाला, ‘बघतो नाही. येतो.’

‘दाढी करून ये म्हणावं त्या इंजिनिअरला,’ पुष्पलताबाई आतून म्हणाल्या.

त्या दिवशीही गौरांगचं पान संध्याकाळी गाईला गेलं, पण पुरणाची वाटी पुष्पलताबाईंनी मागे ठेवून घेतली. रात्री शरच्चंद्रांनी सॉफ्टवेअर उघडून बघितलं. तक्रार उघडीच होती. उभ्या नोकरीत तक्रार उघडी ठेवून ते कधी झोपले नव्हते. त्या रात्री छान झोपले.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाची तयारी चालली होती. प्रेमानंद सर माफीच्या ठरावाचा मसुदा घेऊन वर आले होते, म्हणजे शरच्चंद्रांनी मागायच्या माफीच्या. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर निरोप होता: ‘पांढरीपांडे: अनोळखी उपकरण जोडले जाऊ इच्छिते. आत घ्यावे का?’

शरच्चंद्र ‘अनोळखी’ या शब्दावर थांबले. पासवर्ड जुनाच होता, त्यानं तो बरोबर घातला होता. पण फोन नवा होता. घरानं तो कधी बघितलाच नव्हता. पाठोपाठ रुपरावांचा निरोप आला: ‘घ्या जी घ्या. गेटवर बॅग घेऊन उभं हाये तुमचं पोट्टं. म्या पाह्यलं.’

शरच्चंद्रांनी ‘हो’ दाबलं. सॉफ्टवेअर पांढरीपांड्यांचं नव्हतं, त्यामुळे त्यानं दुसऱ्यांदा विचारलं: ‘नक्की?’ शरच्चंद्रांनी पुन्हा ‘हो’ दाबलं, आणि नावाच्या जागी आडनाव न घालता ‘गौरांग’ लिहिलं. नकाशावर पांढरीपांडे या नावाशेजारी तिसरा ठिपका हिरवा झाला आणि जिन्याकडे सरकू लागला.

हे दाखवायला त्यांनी पुष्पलताबाईंना हाक मारली. पण त्या केव्हाच दार उघडून उंबरठ्यावर जाऊन उभ्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली. पुष्पलताबाईंनी पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दाढी तशीच होती.